अकराच का? दोन मिनिटांच्या स्तब्धतेमागची गोष्ट

३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू होतो आणि बरोबर ११ ला बंद होतो. मग दोन मिनिटं सगळं थांबवायचं, उभं राहायचं, बोलायचं नाही. ११:०२ ला परत भोंगा, तो ११:०३ पर्यंत, म्हणजे झालं, आता हला, फायली उघडा, चहा मागवा. सरकारी परिपत्रकात हे वेळापत्रक असं मिनिटामिनिटानं दिलेलं असतं आणि दरवर्षी तारीख बदलून तेच परिपत्रक येतं. जिथं भोंगा नाही तिथं तोफ, जिथं तोफही नाही तिथं ज्यानं त्यानं घड्याळ बघायचं.

आमच्या शाळेत नगरपालिकेचा भोंगा ऐकू यायचा. आम्ही पटांगणात रांगेत, ऊन डोळ्यावर, आणि मी मनातल्या मनात एकशे वीस मोजत उभा. एका वर्षी पुढच्या पोराच्या कॉलरवर मुंगळा चढत होता, तो कॉलरच्या आत जाणार की बाहेरून खाली उतरणार एवढाच विचार डोक्यात, आणि नेमका आत शिरला तेव्हा माझं पंच्याऐंशी झालं होतं. पोरगं हललं नाही. मला त्या दिवशी गांधीजींपेक्षा त्या पोराबद्दल जास्त आदर वाटला, खोटं कशाला बोलू.

पण प्रश्न तेव्हाही पडायचा. गांधीजींना गोळ्या लागल्या संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमाराला, प्रार्थनेला जाताना. मग स्तब्धता सकाळी अकराला का? ऑफिसं-शाळा चालू असतात म्हणून, हे सोपं उत्तर झालं आणि थोडंफार खरंही असेल. पण 'सकाळचे अकरा' आणि 'दोन मिनिटं' ही जोडी १९४८ च्या आधीच तयार होती, जवळजवळ तीस वर्षं वापरात होती, आणि ती आपल्याकडची नव्हतीच. मला तरी वाटतं आपण ती जोडी उचलली आणि आतला माणूस बदलला.

अकरा हा आकडा पहिल्या महायुद्धाचा. ११ नोव्हेंबर १९१८, फ्रान्समधल्या जंगलात उभ्या असलेल्या एका रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमाराला युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या आणि युद्ध थांबायची वेळ ठरली सकाळी ११. म्हणजे मधे सहा तास. सह्या झाल्यात हे वरच्यांना माहीत, तारायंत्रावर बातमी सगळीकडे जातेय, आणि तरी त्या सहा तासांत माणसं मरत राहिली, हजारोंच्या हिशोबात जखमी-मृत झाले. शेवटचा अमेरिकन सैनिक पडला तो १०:५९ ला. आपला भोंगा सुरू व्हायची वेळही तीच. योगायोगच आहे, त्यात काही शोधायला जाऊ नका, पण एकदा कळल्यावर तो भोंगा पूर्वीसारखा ऐकू येत नाही एवढं खरं.

दोन मिनिटांची गोष्ट मात्र युरोपातली पण नाही, ती केप टाउनची. तिथं सिग्नल हिलवरून रोज दुपारी बाराला तोफ सुटायची, जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. १९१८ च्या मे महिन्यात फ्रान्समधून मृतांच्या याद्या येत होत्या, खुद्द महापौराचा मुलगा नुकताच गेला होता, आणि नगरसेवकांपैकी एकानं सुचवलं की बाराच्या तोफेला रोज सगळं शहर थोडा वेळ थांबवू या. १४ मे ला पहिल्यांदा केलं तेव्हा तीन मिनिटं थांबले. फार लांबलं असं वाटलं म्हणून लगेच दोनवर आणलं. ट्राम उभ्या, गाड्या उभ्या, बिगुल, आणि मग परत शहर चालू. रोज! वर्षातून एकदा नाही, महिनोन् महिने रोज दुपारी बाराला. ऑफिसच्या लंचच्या वेळेला आपण रोज असं थांबलो असतो तर काय झालं असतं याची कल्पना करून बघा, आपल्याकडे आठवड्याभरात कोणीतरी जनहित याचिका टाकली असती.

हे लंडनला पोचलं ते अजून एका मुलगा गमावलेल्या बापामुळे. दक्षिण आफ्रिकेतला जुना राजकारणी, त्याचा मुलगा १९१७ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये गेलेला. त्यानं १९१९ च्या ऑक्टोबरात प्रस्ताव पुढे सरकवला, ७ नोव्हेंबरला राजाच्या नावानं जाहीर झालं आणि चार दिवसांत, ११ नोव्हेंबरला सकाळी अकराला, अख्ख्या साम्राज्यात लागू. चार दिवसांत! त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या एका पेपरात एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराचं पत्र छापून आलं होतं, त्यात पाच मिनिटांची मागणी होती, त्यामुळे कल्पना मुळात कोणाची यावर तिकडे आजही भांडण आहे. पहिलं मिनिट परत आलेल्यांसाठी आणि दुसरं न परतलेल्यांसाठी असा एक अर्थही त्याला लावला जातो. छान आहे, पण मूळ कारण इतकंच की तीन मिनिटं झेपली नाहीत.

'शांतता' म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो ते तेव्हापासूनच शांत नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. १९२१ च्या ११ नोव्हेंबरला लंडनमध्ये बेकार झालेले माजी सैनिक मोर्चानं आले, छातीवर मेडलं आणि मेडलांच्या शेजारी सावकाराकडे गहाण टाकलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या. फलकावर काय, तर मेलेल्यांची आठवण ठेवता आणि आम्हाला विसरता. मग १९३३ मध्ये सहकारी चळवळीतल्या बायकांच्या एका संघटनेनं त्या दिवशी छातीवर लावायच्या लाल खसखशीच्या फुलाला पर्याय म्हणून पांढरी फुलं काढली. लाल फूल आपल्या सैनिकांसाठी, पांढरं सगळ्या बळींसाठी, कुठल्याही बाजूचे, गणवेशातले आणि बिनगणवेशातले. यावरून त्या बायकांना भरपूर शिव्या पडल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या असंही सांगतात, आणि 'सैनिकांचा अपमान' हा आरोप तेव्हापासून आजतागायत तसाच आहे. म्हणजे दोन मिनिटांत कोणाला आठवायचं हा झगडा त्या दोन मिनिटांएवढाच जुना.

आपल्याकडे मेलेल्यासाठी गप्प बसायची रीत नव्हती. आपल्याकडे माणूस गेला की आवाज होतो. रडणं मोठ्यानं, रामनाम मोठ्यानं, कुठं हलगी, कुठं भजन. गप्प बसणं हे व्रत, ते जिवंत माणसानं स्वतःच्या मनासाठी करायचं. गांधीजींचं सोमवारचं मौन त्यातलंच. २ जून १९४७ हा नेमका सोमवार होता, फाळणीची योजना पुढाऱ्यांसमोर ठेवली तो दिवस, आणि व्हाइसरॉयला भेटायला गेलेल्या गांधीजींनी बोलायचं सोडून जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं उत्तरं लिहून दिली. देशाचे तुकडे होतायत आणि हा माणूस आज बोलत नाही म्हणजे नाही. आठ महिन्यांनी तो गेला आणि त्याच्यासाठी आपण जे मौन निवडलं ते त्याचं सोमवारचं नाही, साम्राज्याचं अकराचं. मला याचं कायम हसू आणि वाईट असं दोन्ही वाटत आलंय.

आता ती दोन मिनिटं इतकी आपली झालीत की सोसायटीच्या वार्षिक सभेत पण असतात. 'वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली', की खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग कोणाचा तरी मोबाइल, आणि पस्तीस-चाळीस सेकंदांत सेक्रेटरी खाकरतात, 'ओम शांती, बसून घ्या.' मी दोन-तीनदा घड्याळ लावून बघितलंय, पूर्ण दोन मिनिटं कुठंच होत नाहीत. केप टाउनला तीन झेपली नाहीत, आपल्याला पाऊण पुरतं.

बरं, आठवायचं कोणाला हा मुद्दा. महाराष्ट्रात सातारा, पुणे, कोकण या भागात फिरलात तर चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी दिसेल. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. संपलं. नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते आलेच नाहीत, गावाचं नावच आता अपशिंगे मिलिटरी पडलंय, पण 'सेहेचाळीस' हा आकडा जितक्या लोकांना माहीत आहे त्याच्या शंभराव्या हिश्शानं तरी त्यातली नावं माहीत असतील का, शंका आहे.

आणि हे गावातल्या गवंड्यानं संगमरवर वाचवायला केलं असं समजू नका, ते धोरण होतं. मराठी पलटणी मोठ्या प्रमाणात गेल्या त्या मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कूट या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने, घोडे मारून खायची वेळ आली, आणि शेवटी शरणागती. त्यात मराठा पलटणी होत्या. कैदेत नेताना वाळवंटात किती गेले त्याला मोजदाद नाही. या भागात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं, चाळीस हजारांवर माणसांचं. त्यावर गोऱ्यांची नावं साध्या शिपायापर्यंत सगळी. हिंदुस्थानी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. बाकी शिपाई, कुली, खेचरवाले हे पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' अशा आकड्यात. २०२१ मध्ये या कबरी-स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगानंच अहवाल काढून मान्य केलं की आफ्रिका, आशिया, मध्यपूर्वेतल्या ४५ ते ५४ हजार लोकांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी की ज्यांची नावानं नोंदच झाली नाही किंवा काहीच झालं नाही. माफीही मागितली. शंभर वर्षांनी.

पण यात फक्त साहेबाला बोल लावून मोकळं होता येत नाही. पानिपताची ती प्रसिद्ध सांकेतिक बातमी आठवा, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तीच उतरंड, १७६१ ची, आपल्या भाषेत आणि आपल्याच माणसांबद्दल. खुर्दा म्हणजे आमच्यासारख्यांचे खापरपणजोबा. त्याच्याही मागे वीरगळ आहेत, गावाबाहेर किंवा देवळाच्या मागं उभे दगड, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा लढाईत पडलेल्या वीराला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शांतपणे शिवलिंगापुढे बसलाय. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांच्या लढाईचे आहेत. बहुतेकांवर नाव नाहीच, आता तर अर्ध्यांना शेंदूर फासून गावानं देव केलंय आणि काहींवर कपडे धुतात. ते एक असो.

आता खरा गुंता, शब्दाचा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण दरवर्षी यावरून ग्रुपवर भांडण होतं आणि दोन्ही बाजूंना अर्धीच माहिती असते.

३० जानेवारीला हिंदीत म्हणतात शहीद दिवस, मराठीत हुतात्मा दिन. आणि २३ मार्चलाही शहीद दिन, भगतसिंग-राजगुरू-सुखदेव, १९३१. राजगुरू आपल्या खेडचे म्हणून मराठी माणसाला २३ मार्च जास्त जवळचा. म्हणजे एकाच नावाचे दोन दिवस, दोन वेगळ्या प्रकारच्या मरणांचे. त्यात युद्धात गेलेला सैनिक कुठंच नाही, पण परिपत्रकात स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्या सगळ्यांचं स्मरण असं असतं, आणि शाळेत बाई सांगताना सीमेवरचे जवान पण त्यातच घालतात. आमच्या बाई तरी घालायच्या.

'हुतात्मा' हा शब्द सावरकरांनी घडवलेला. हुत म्हणजे आहुती दिलेला, ज्यानं स्वतःचा आत्माच हवनात टाकला तो. शहीदला पर्याय म्हणून, भाषाशुद्धीच्या धोरणातून. शब्द इतका चपखल बसला की मराठीत तो कोणी घडवलाय हे विसरायला झालं, आणि एखाद्या शब्दाला यापेक्षा मोठं यश काय असणार. पण बघा काय होतं. गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते आणि पुराव्याअभावी निर्दोष सुटले. गांधीजींच्या मृत्युदिनाला मराठीत आपण ज्या शब्दानं हाक मारतो तो त्यांचा. दोन्ही बाजूच्या लोकांना हे सांगितलं की दोन्ही बाजू चिडतात, म्हणून मी आता सांगायचं सोडलंय, इथं लिहितोय फक्त.

पुढे हा शब्द युद्धापासून लांबच गेला. मुंबईत हुतात्मा चौक झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांसाठी. तिथंही आकड्याचा घोळ, तोंडात बसलंय '१०५ हुतात्मे', नंतर १०६, १०७ म्हणणारेही आहेत. मग १९८० च्या सुमाराला राज्य सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यात स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांची स्मारकं बांधली, दोनशेच्या आसपास. आमच्या भागात एक आहे. कंपाउंडचं गेट गंजलंय, आत गवत कमरेएवढं, पायऱ्यांवर दुपारी पत्ते चालतात. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस येऊन गवत कापतो आणि चुना मारतो. एवढी निवांत जागा गावात दुसरी नाही हेही खरं, परीक्षेच्या दिवसांत पोरं तिथं अभ्यासाला बसतात.

म्हणजे मराठीत 'हुतात्मा' बहुतेक वेळा सरकारच्या गोळीनं मेलेला, आधी इंग्रज सरकारच्या आणि नंतर आपल्याच. सैनिकासाठी आपल्याकडे वेगळे शब्द होते. धारातीर्थी पडला. कामी आला. वीरमरण आलं. 'कामी आला' मला सगळ्यात आवडतो, त्यात काही चढवलेलं नाही, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, काम करायला गेला आणि त्या कामाला आला.

'शहीद' शब्द बॅनरवर आला तो हिंदीतून, टीव्हीवरून. कारगिल १९९९, ५२७ जवान गेले, पहिल्यांदाच शवपेट्या गावागावात आल्या आणि त्या घराघरातल्या टीव्हीवर दिसल्या. तेव्हापासून चौकाचौकात 'शहीद जवान अमर रहे'. मूळ शब्द अरबी, अर्थ साक्षीदार, म्हणजे श्रद्धेची साक्ष देत मेलेला. गंमत अशी की सरकारदरबारी हा शब्दच नाही! २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं की 'शहीद' किंवा त्याचा इंग्रजी पर्याय अशी कुठली संज्ञा आम्ही वापरत नाही. लष्करात म्हणतात 'बॅटल कॅज्युअल्टी', निमलष्करी दलांत 'ऑपरेशन्स कॅज्युअल्टी'. मग २०२२ च्या फेब्रुवारीत लष्कराच्या मुख्यालयातून सगळ्या कमांडना पत्र गेलं की हा शब्द वापरू नका, त्याचा अर्थ धर्म सोडायला नकार देऊन मरण पत्करणारा असा होतो, आपल्या सैनिकाला तो लागू नाही, त्याऐवजी सर्वोच्च बलिदान, वीरगती असे शब्द वापरा.

पत्र तर्काला धरून होतं, मला पटलं. पण ज्याच्या घरी ती पेटी आलीय त्यानं 'शहीद' म्हटलं तर त्याला व्युत्पत्ती कोण सांगणार, आणि का सांगावी? शिवाय मागणी नुसती शब्दाची नसते. निमलष्करी दलांतले लोक 'शहिदाचा दर्जा द्या' म्हणतात तेव्हा त्याच्या मागे पेन्शन, घरच्यांना मिळणाऱ्या सवलती, लष्कराच्या बरोबरीची वागणूक असं सगळं असतं. जो दर्जा कागदावर कोणालाच नाही तो मागितला जातोय आणि नाकारलाही जातोय. मी आजवर बघितलेल्या शब्दांच्या भांडणांत इतकं विचित्र दुसरं नाही.

आणि या सगळ्या शब्दांत एक माणूस बसतच नाही, तो म्हणजे युद्धात मेलेला साधा माणूस. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, भोंगे वाजले, आमच्या गावातला भोंगा किती वर्षांनी वाजला म्हणून लोक व्हिडिओ काढत होते. त्याच दिवशी तिकडे पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरातली माणसं मेली, पोरं मेली. पेपरात त्यांच्यासाठी शब्द होता 'नागरिक'. शहीद नाही, हुतात्मा नाही, वीरगती नाही. कोणी त्यांना मुद्दाम डावललं असं नाही, भाषेत जागाच नाही.

मुंबईच्या लोकांना तर हे कळायला पाहिजे सगळ्यात आधी. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटाही. युद्ध चालू होतं म्हणून असला सगळा माल एकत्र भरला, धोक्याचा लाल झेंडा पण लावला नव्हता. पहिला स्फोट आणि अर्ध्या तासानं दुसरा, त्याहून मोठा. जळता कापूस आकाशातून मांडवीच्या वस्तीवर पडला. मेलेल्यांचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत काहीही सांगतात, कारण गोदीत रोजावर कोण किती माणसं होती हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मात्र मोजलेले आहेत, त्यांच्यासाठी देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, शाळेत येऊन बंब दाखवतात, पत्रकं वाटतात. चांगलंच आहे. पण गोदीतला हमाल, कापूस भरणारा, मांडवीतला दुकानदार, पिण्याच्या पाण्याला रांगेत उभी असलेली बाई, यांच्यासाठी त्या दिवशी शहर थांबत नाही. थांबणार तरी कसं, १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस, रस्त्यावर उत्सव, आणि तो असायलाच पाहिजे. दोन आठवणींना एकच तारीख आली की त्यातली जिला माणसं जास्त तीच उरते.

दिल्लीतल्या ज्योतीचं थोडक्यात. इंडिया गेट १९३१ मध्ये उघडलं, त्यावर पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्या तेरा हजारांवर लोकांची नावं. खाली अमर जवान ज्योत आली १९७२ च्या २६ जानेवारीला, बांगलादेश युद्धानंतर. २०१९ मध्ये शेजारीच नवं राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं असलेलं, आणि २१ जानेवारी २०२२ ला जुनी ज्योत नव्या ज्योतीत विलीन केली. एका बाजूनं ओरड की ज्योत विझवली, दुसऱ्या बाजूनं उत्तर की विझवली नाही, मिसळली, आणि इंडिया गेटवरची नावं तशीही साहेबासाठी लढलेल्यांची. नव्या ठिकाणी साध्या शिपायाचं नाव सुद्धा दगडात कोरलंय, हे मला मोठं वाटतं, बसऱ्याशी ताडून बघा. पण साहेबासाठी लढले म्हणून १९१६ चा मराठा शिपाई कोणाचाच नाही असं म्हणायचं, तर अपशिंग्याच्या त्या ४६ जणांचं काय करायचं? पगार तिकडून येत होता, पण मनिऑर्डर इकडे यायची.

आमच्या घरात असा एक माणूस होता, आजीचे चुलते. घरात मेसोपोटेमिया वगैरे कोणी म्हणायचं नाही, 'बसऱ्याला गेले ते गेले' एवढंच. तारीख माहीत नाही, तिथी तर नाहीच. पण पंचांगात यासाठी सोय आहे आणि ती केप टाउनच्या कितीतरी आधीची. पितृपक्षात सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, बारीक अक्षरात छापलेलं असतं 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. शस्त्रानं किंवा अपघातानं मेलेल्यांचा दिवस. कुणाच्या बाजूनं लढला, कुठल्या सरकारचा पगार घेतला, गणवेश होता की नव्हता, हे पंचांग विचारत नाही.

आजी त्या दिवशी चुलत्यांच्या नावानं पान वाढायची. वरण, भात, आळूची भाजी, गवारीची भाजी, खीर, वडे. पान उचलून गच्चीच्या कठड्यावर ठेवायची आणि स्वतः दारात उभी राहायची. कावळा शिवेपर्यंत बोलायची नाही आणि आम्हालाही बोलू द्यायची नाही. कधी पाच मिनिटांत यायचा. एका वर्षी पाऊस होता, कावळे सगळे गायब, आणि आजी पाऊण तास तशीच उभी, पदर डोक्यावर, आम्ही पोरं भुकेनं कळवळलेलो आणि एकमेकांना खुणा करतोय. शेवटी शेजारच्या पत्र्यावरून एक आला, वडा उचलला आणि गेला. आजी म्हणाली, 'चला, वाढा पोरांना.'